निरोपावरचं औषध

“यांच्या छातीला शेवटचा स्टेथोस्कोप कधी लागला होता?”

नागपूरच्या हृदयरोगाच्या डॉक्टरांनी हे मला विचारलं, माझ्या बायकोला नाही. त्यात त्यांची चूक नव्हती. फाईल माझ्या हातात होती आणि तोवरची सगळी उत्तरं मीच दिली होती. गोळ्यांची नावं मला पाठ, पंप दिवसातून किती वेळा ओढायचा तेही पाठ. या प्रश्नाला मात्र मी प्रमिलाकडे पाहिलं. ती तपासणीच्या पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. “दीड वर्ष झालं असन,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी नुकतीच इको केली होती. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीवर जेल लावून एक यंत्र फिरवतात आणि आतलं हलताना दिसतं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, मायट्रल स्टेनोसिस. हृदयात डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मधे एक झडप असते, तिला मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात. ती झडप जाड होऊन आखडते आणि रक्ताची वाट अरुंद होते. प्रमिलाची वाट करंगळीच्या नखाएवढी उरली होती. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं, म्हणून दम लागतो.

“हा दमा नाही. दम्याच्या औषधाने यांची धडधड वाढतच गेली असणार,” डॉक्टर म्हणाले. “या आजाराचा आवाज असतो. नीट कान देऊन छाती ऐकली की बहुतेक वेळा कळतो.”

दीड वर्ष आम्ही दम्याचं औषध घेत होतो. घेत होती ती, आणत होतो मी.

मी वीज मंडळात लाईनमन आहे. आमचं गाव मोहगावजवळ. दोन एकर संत्रा आहे, तो प्रमिलाच पाहते. मुलगी स्नेहल लग्न होऊन नागपूरला असते. तिच्या बाळाच्या बारशाला आम्ही गेलो, आणि तिच्या तिसऱ्या मजल्याच्या घराने आमचं पितळ उघडं पाडलं. आमच्या गावात जिना चढायची वेळच कोणाला येते? दुसऱ्या मजल्यावर प्रमिला पायरीवर बसली ती उठेना. ओठ काळे-निळे झाले. रुमालात खोकली तर थुंकी गुलाबी आली. मी घाबरलो. ती घाबरली नाही, कारण तिने ती थुंकी आधीही पाहिली होती. मला हे दोन दिवसांनी कळलं.

हे लिहायचं कारण आमच्याकडची एक रीत आहे. ती तुमच्याही घरात असेल तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला, सौसरला, जाणारा माणूस रिकाम्या खिशाने जात नाही. त्याच्याजवळ चार घरच्या दवाखान्याच्या पर्च्या, म्हणजे औषधाच्या चिठ्ठ्या, असतात. गाडी माझ्याजवळ, ड्यूटीही सौसरकडची, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणणंही खोटं आहे, मला ते आवडायचं. कोणाचा बीपी, कोणाचे गुडघे, कोणाची साखर. आत गेलं की मी एकेक पर्ची टेबलावर ठेवायचो आणि त्या माणसाचं काय चाललं आहे ते सांगायचो. डॉक्टरसाहेब त्या पर्चीवर पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहायचे. पाच माणसांचं काम दहा मिनिटांत. मी याला निरोपावरचं औषध म्हणतो.

डॉक्टरसाहेबांबद्दल आधी खरं सांगतो. साठीचे असतील. कितीतरी वर्षांपासून सौसरात बसतात. उगाच तपासण्या लिहीत नाहीत, महागडं औषध देत नाहीत. माझी आई गेली त्या आजारपणात ते आपणहून गाडी काढून तीनदा गावात आले होते. कोण कोणाचा भाऊ, कोणाची सून बाळंत व्हायची आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्या भागात डॉक्टर कसा असावा असं कोणी विचारलं तर लोक त्यांच्याकडे बोट दाखवतील. मीही दाखवत होतो.

त्यांच्या आतल्या खोलीत एक लांब लाकडी बाक आहे. कंपाउंडर एका वेळी पाच जणांना आत सोडतो. एकाला तपासताना बाकीचे चार बाकावर सरकत पुढे येतात. दाराला वीट लावून ते उघडंच ठेवलेलं असतं. याने वेळ वाचतो. आजवर त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

नागपूरला दुसऱ्या दिवशी टी.ई.ई. नावाची तपासणी झाली. यात घशातून एक नळी खाली सोडतात आणि अन्ननलिकेतून, अगदी जवळून, हृदय पाहतात. नळी गिळताना त्रास होतो, पण पाच-सात मिनिटांचं काम आहे, घाबरू नये. झडप फुग्याने मोकळी करता येण्यासारखी होती. मांडीच्या शिरेतून फुगा वर नेतात आणि झडपेत फुगवतात, छाती उघडावी लागत नाही. आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच डॉक्टर म्हणाले की हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी आहे. गुठळी असताना फुगा नेला तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते. नाही नेला तरी सुटू शकते. आधी रक्त पातळ करायच्या गोळीने ती विरघळवायची, दोन महिने वाट पाहायची, मग पुन्हा नळी.

“लवकर आला असता तर कदाचित ही वेळ आली नसती,” एवढंच ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी रोज खांबावर चढणारा माणूस. लाईट गेली असा फोन आला की मी ऐकून तार जोडत नाही. जाऊन पाहतो. फोन करणारा म्हणतो डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, बिघाड आहे आणि बिघाड निघतो दोन खांब पलीकडे. इतकी वर्षं हे करत आलो आणि घरच्या माणसाचा बिघाड मात्र मी तोंडी कळवत राहिलो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हे मनात आलं तेव्हा मी स्वतःला फार बोल लावले. मग स्वतःला बोल लावणं जड गेलं, म्हणून ते डॉक्टरसाहेबांना लावले. स्नेहल तर पेटलीच होती. म्हणाली, त्या दवाखान्याची पायरी आता चढायची नाही.

प्रमिलाला नागपुरात करमेना. संत्र्याला पाणी द्यायचं होतं, आणि मुलीच्या घरात जिना होता. आम्ही गावी आलो. येताना डॉक्टरांनी बजावलं होतं की दर आठवड्याला आय.एन.आर. करा. ही रक्ताची तपासणी आहे, रक्त किती पातळ झालं ते सांगते. आकडा दोन ते तीनच्या मधे हवा. कमी झाला तर गुठळी राहते, जास्त झाला तर रक्तस्राव होतो. म्हणजे जवळ एक डॉक्टर लागणारच होता.

गावी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाईल घेऊन भांडायला सौसरला गेलो. दुपार होती, बाकावर कोणी नव्हतं. मी फाईल टेबलावर आपटली नाही, पण तशीच ठेवली. डॉक्टरसाहेबांनी सगळे कागद वाचले. इकोचा कागद दोनदा वाचला. चष्मा काढून ठेवला.

“भाऊ, मी तुम्हाले दोन वेळा म्हटलं होतं, बाईंना घेऊन या. तुम्ही म्हटलं आणतो. याद आहे?”

मला आठवत होतं. एकदा तर मी उभ्यानेच बोललो होतो, कारण लोधीखेड्याकडचा फीडर, म्हणजे मुख्य लाईन, बंद पडला होता आणि मंडळाच्या साहेबांचा फोनवर फोन येत होता.

“पण मी म्हणत बी होतो आणि गोळ्या लिहून बी देत होतो,” ते म्हणाले. “लिहून नसत्या देल्या, तर तुम्ही आणलं असतं. गलती माझी आहे.”

मी फाईल उचलली आणि बाहेर आलो. राग गेला नव्हता, फक्त आता तो ठेवायला जागा राहिली नव्हती.

घरी आल्यावर मी प्रमिलाला म्हणालो, डॉक्टर म्हणतात आणायला सांगितलं होतं. ती म्हणाली, तुम्ही कुठं मला सांगितलं? मग ती एकेक बोलायला लागली. तिने मला काय सांगितलं होतं आणि मी तिथे काय सांगितलं, हे त्या दुपारी पहिल्यांदा समोरासमोर आलं. ती म्हणाली होती, आडवी झाली की जीव घाबरतो, उठून बसावं लागतं. मी डॉक्टरांना सांगितलं, झोप लागत नाही. ती म्हणाली होती, नळावरून पाण्याचा एक गुंड, म्हणजे हंडा, आणताना दोनदा बसते. मी सांगितलं, दम लागते. ती म्हणाली होती, कानात धडधड ऐकू येते. हे मी सांगितलंच नाही, कारण मला ते बायकांचं बोलणं वाटलं. चार पर्च्या हातात असल्या की माणूस थोडक्यात सांगतो. मी थोडक्यात सांगितलं आणि त्या थोडक्याला त्यांनी औषध दिलं.

“आणि थुंकीतलं रक्त?” मी विचारलं.

“ते तुम्हाले बी नाही सांगतलं.”

“कायले?”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बोलली. “मागं पाळीचा तरास होता तवा मी दवाखान्यात गेली होती. बाकावर आपल्या गावची दोघं जण होती. डॉक्टरनं विचारलं, अंगावरून किती जाते. मी हळूच सांगतलं, तर त्यायनं मोठ्यानं पुन्हा विचारलं. संध्याकाळी जाऊबाई विचारून राहिली, आता बरं वाटते का. तवापासून मी गेलीच नाही. रक्ताचं सांगतलं असतं तर तुम्ही त्याच बाकासमोर जाऊन सांगतलं असतं. लोकं टीबी म्हणाले असते.”

त्यानंतर तिने मला म्हटलं होतं, तुम्हीच आणत जा गोळ्या. आणि मला त्याचा आनंद झाला होता, कारण तिला घेऊन जायची माझी एक खेप वाचली. इतकं लाजिरवाणं दुसरं काही मला आठवत नाही.

स्नेहलच्या हट्टाने आम्ही पांढुर्ण्याचा एक दवाखाना धरला. तिथे काचेचं दार, कॉम्प्युटर, टोकन. आत एका वेळी एकच माणूस. प्रमिला पहिल्या दिवशी खूश होती. पण आतले डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये आकडा पाहायचे, गोळी तीच ठेवा म्हणायचे आणि पुढचं टोकन पुकारलं जायचं. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी फोन केला तर समोरच्या मुलीने परवाची वेळ दिली. मी म्हटलं रक्त येतं आहे. ती म्हणाली, परवा सगळं डॉक्टरांना सांगा. तिचा आवाज गोड होता, हे मी नाकारत नाही.

मग मी ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती त्या सौसरच्या डॉक्टरसाहेबांनाच फोन केला. सवयीने सुरुवात केली, साहेब, तिच्या हिरड्यातून... त्यांनी मला मधेच तोडलं. “फोनवर नाही. घेऊन या. मी बसलो आहे.”

आम्ही गेलो. त्यांनी टॉर्च लावून तोंड पाहिलं, पायावर कुठे काळे-निळे डाग आहेत का ते दवाखान्यातल्या नर्सबाईला पाहायला लावलं, छाती ऐकली. छाती फार वेळ ऐकली. रक्त तपासलं, आकडा पाचाच्या जवळ गेला होता. आमच्यासमोर नागपूरला फोन लावला, गोळी दोन दिवस बंद केली, नंतरची कमी केली. बाकावर त्या दिवशीही चार जण होते. प्रमिलाने तोंड उघडलं ते फक्त हिरड्या दाखवायला. एक शब्द बोलली नाही.

ते दोन महिने मी कोणालाच सांगितले नाहीत तसे सांगतो. शेतातून तिला यायला उशीर झाला की मी बांधापर्यंत पाहायला जायचो. बोलताना तिची जीभ अडखळली तर मी तिचा चेहरा पाहायचो, तोंड वाकडं तर नाही झालं. तिला ते कळायचं. एकदा म्हणाली, “पाहू नका असं, मी आहे.” शेजारचे म्हणायचे एकदा जामसावळीच्या देवळात नेऊन आणा. ती म्हणाली, बरी झाली की पायी चालत जाईन, आता देवाला कशाला माझा दम दाखवू.

दोन महिन्यांनी पुन्हा नळी घातली. गुठळी विरघळली होती. तिसऱ्या दिवशी फुगा झाला. तासाभराचं काम होतं, तिला भूल दिली नव्हती, फक्त मांडीजवळची जागा बधिर केली होती. बाहेर आणली तेव्हा ती पाठीवर सपाट झोपली होती. उशी एक. तिला आडवं झोपलेलं पाहून मला तिथेच रडू आलं, आणि नर्सला वाटलं काही वाईट झालं.

घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलने एक कागद दिला. आमची सेवा कशी वाटली, उत्तम, चांगली, बरी, गोलात खूण करा. प्रमिलाने मला वाचायला लावला आणि सगळीकडे उत्तम करायला सांगितलं. मग म्हणाली, असा कागद सौसरच्या डॉक्टरले भेटला पाहिजे. मी म्हटलं, तू काय खूण करशील? तिने विचार केला. “डॉक्टर चांगला आहे. बाक वाईट आहे.”

मी त्या कागदाच्या मागे तसा हिशोब लावायचा प्रयत्न केला. आम्ही लाईनची पाहणी करतो तेव्हा खांब, तार, अर्थिंग, सगळ्यांचे रकाने असतात. दवाखान्याचे रकाने मला भरता आले नाहीत. औषध बरोबर की चूक एवढंच पाहिलं तर ते नापास होतात. हाकेला ओ देतात का हे पाहिलं तर त्यांच्याइतकं कोणी पास होत नाही. आणि पेशंटला बोलता येतं का, हा रकाना तर माझ्या डोक्यातच नव्हता. तो प्रमिलाने सांगितला.

तिच्या झडपेच्या आजाराचं मूळ लहानपणात होतं. घसा दुखून ताप येतो, गुडघे सुजतात, त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. तो पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, कितीतरी वर्षं. म्हणजे डॉक्टर एकदा ठरवला की आयुष्यभराचा. स्नेहल म्हणाली पांढुर्णा. मी प्रमिलाकडे पाहिलं, कारण मला आता तिच्या वतीने बोलायची भीती वाटत होती. प्रमिला म्हणाली, सौसर.

पहिल्या इंजेक्शनला आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस. गर्दी होती. कंपाउंडरने नेहमीसारखं पाच जणांना आत सोडलं. बाकावर आमच्या गावचा एक जण, दोन बाया आणि एक म्हातारे बसले. प्रमिला बसली नाही. ती बाकासमोर उभी राहिली.

“तुम्ही सगळे जरा बाहेर बसा. माझं झालं की या.”

कोणी हललं नाही. असं तिथे कोणी कधी म्हटलंच नव्हतं. म्हातारे म्हणाले, आम्ही काय ऐकणार आहो बाई तुझं, आम्ही तर आपले बसून आहो. ती म्हणाली, “मले सांगाचं आहे, म्हणून.” तिचा आवाज कापत होता. दम मात्र लागला नव्हता. डॉक्टरसाहेबांनी पेन खाली ठेवलं, बाकाकडे पाहिलं आणि कंपाउंडरला म्हणाले, यांना बाहेर बसव. एकेक उठला. आमच्या गावचा माणूस जाताना माझ्याकडे पाहून हसला, मी न पाहिल्यासारखं केलं.

मी टेबलाजवळच्या स्टुलावर बसलो, फाईल उघडली आणि म्हणालो, साहेब, फुगा झाल्यापासून तिला...

तिने फाईलवर हात ठेवला. “तुम्ही बी.”

मी उठलो. कंपाउंडरने पायाने वीट सरकवली आणि माझ्यामागे दार लावलं. बाहेरची माणसं त्या बंद दाराकडे पाहत राहिली. कितीतरी वेळ ती आत होती. मला तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मधे एकदा ती बहुतेक रडली. मी उठलो नाही.

बाजूची एक बाई मला म्हणाली, “भाऊ, काय झालं तुमच्या घरच्या बाईले?”

बावीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाला माझ्याजवळ नेहमी उत्तर तयार असायचं.

“मले नाही माहीत,” मी म्हणालो. “ती सांगून राहिली आहे.”